हॉस्पिटलच्या काउंटरवर आणि ऑफिसात घडलेले नको ते प्रसंग लिहून कसे ठेवायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बिलिंग, रिसेप्शन, टीपीए डेस्क (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या एजन्सीचं काम), ॲडमिशन, एमआरडी (मेडिकल रेकॉर्ड विभाग), एचआर, इथे बसणाऱ्या लोकांकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून सगळी उत्तरं एका जागी टाकतोय. औषध चुकीचं दिलं, पेशंट बेडवरून पडला, अशा गोष्टींसाठी नर्सिंगचे वेगळे फॉर्म असतात, त्यात इथे शिरत नाहीये. इथे आहे ते काउंटरवरचं आणि केबिनमधलं.

१. इन्सिडेंट लिहायचा म्हणजे नक्की काय? साहेबांना तोंडी सांगितलं की झालं ना?

तोंडी सांगितलेलं तीन शिफ्टमध्ये तीन तऱ्हेचं होतं. सकाळचा माणूस म्हणतो बाचाबाची झाली, दुपारचा म्हणतो शिवीगाळ झाली, रात्रीपर्यंत "अंगावर धावून आला" झालेलं असतं, आणि ज्याच्यासमोर घडलं तो तोवर वीकली ऑफवर गेलेला असतो. लिहायचं एवढंच की काय घडलं, किती वाजता, कुठे, कोण कोण होतं, तुम्ही काय केलंत आणि शेवटी काय झालं. अर्धं पान पुरतं.

ही तक्रार नाही आणि खुलासाही नाही. खुलासा मागितला की माणूस आधी स्वतःची कातडी वाचवतो, तिथे खरं काय घडलं ते निम्मं गळतं. एनएबीएच, म्हणजे हॉस्पिटलांचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय संस्था, तिची मान्यता असलेल्या हॉस्पिटलात इन्सिडेंट रिपोर्टिंगची पद्धत असावीच लागते, म्हणजे फॉर्म बहुतेक आधीपासून आहे, फक्त बिलिंगवाल्यांना वाटतं की तो सिस्टर लोकांसाठी आहे. क्वालिटी डिपार्टमेंटकडे जाऊन मागा.

२. आमच्याकडे रोजच भांडणं होतात. सगळी लिहीत बसलो तर काम कधी करायचं?

सगळी नका लिहू. बिल बघून चार शब्द मोठ्याने बोलून माणूस शांत झाला, पैसे भरून गेला, सोडून द्या. कोणाला लागलं, धमकी दिली, काही फुटलं, पोलीस आले, पेशंटचं काम अडलं, पैशांचा किंवा कागदाचा घोळ झाला, स्टाफपैकी कोणी रडत बाहेर गेलं, तर लिहा. आणि एकच छोटी गोष्ट आठवड्यात तिसऱ्यांदा झाली तर तीसुद्धा लिहा, कारण मग ती छोटी राहिलेली नाही.

सगळ्यात जास्त राहून जातं ते थोडक्यात वाचलेलं. एकाच नावाचे दोन पेशंट, एकाचं बिल दुसऱ्याच्या नातेवाइकाच्या हातात गेलं, त्याने वय बघून परत आणून दिलं, सगळे हसले आणि विषय संपला. हे लिहा! पुढच्या वेळी बिलाऐवजी रिपोर्ट जाईल आणि समोरचा माणूस वय बघणार नाही.

३. लिहायचं कसं? एखादा नमुना द्या ना.

देतो, पण आधी कसं लिहू नये ते बघा, कारण निम्मे रिपोर्ट असेच येतात:

"काल रात्री २१४ चे नातेवाईक दारू पिऊन आले, विनाकारण राडा केला, स्टाफला घाणेरडं बोलले, सिक्युरिटी नेहमीप्रमाणे गायब."

आता तोच प्रसंग:

"रात्री ९.४०, बिलिंग काउंटर २. रूम २१४ च्या पेशंटचा मुलगा असं सांगणारे गृहस्थ आणि सोबत दोघं. 'सकाळी अकराला डिस्चार्ज सांगितला, आत्ता रात्र झाली, आम्ही काय इथेच मुक्काम करायचा का' असं मोठ्या आवाजात म्हणाले. इन्शुरन्सचं फायनल अप्रूव्हल यायचंय असं मी सांगितलं. त्यांनी काउंटरवरचं पंचिंग मशीन उचलून आपटलं. बोलताना दारूसारखा वास येत होता. मला शिवी दिली, शब्द शेवटी लिहिलेत. ९.४३ ला सिक्युरिटीला फोन केला, गार्ड ९.५२ ला आले. त्याआधी ड्युटी मॅनेजर खाली येऊन तिघांना केबिनमध्ये घेऊन गेले. अप्रूव्हल १०.१५ ला आलं, १०.५० ला पेशंट घरी गेले. कोणाला लागलं नाही."

फरक दिसतोय का. "दारू पिऊन आले" हा तुमचा निकाल आहे, "वास येत होता" हे तुम्हाला खरंच कळलेलं आहे. "विनाकारण" म्हणालात, पण कारण तर त्या माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय, सकाळी अकरापासून बसलाय तो. "सिक्युरिटी गायब" म्हटलं की सिक्युरिटी सुपरवायझर भांडायला येतो, ९.४३ आणि ९.५२ लिहिलं की त्याला भांडायला जागाच उरत नाही.

शिवी लिहायला लोक लाजतात, मग "अपशब्द वापरले" असं लिहितात, त्यातून काहीच कळत नाही. एकदाच, जशीच्या तशी, अवतरणात लिहा. धमकी असेल तर तर नक्कीच, "बघून घेतो" आणि "बाहेर ये, तोडतो" यात फरक आहे. तुम्हाला काय वाटलं ते लिहायलाही हरकत नाही, फक्त वेगळ्या ओळीत आणि "मला असं वाटलं" म्हणून.

४. किती वेळात लिहायचं? ड्युटी संपली की बस पकडायची असते हो.

त्याच शिफ्टमध्ये, घरी जायच्या आधी. पूर्ण लिहायला वेळ नसेल तर वेळा, नावं आणि जे शब्द बोलले गेले ते कागदावर खरडून ठेवा, कारण आधी विसरायला होतं ते हेच. सीसीटीव्हीचं त्याच रात्री सांगा, आयटीवाल्याला किंवा सिक्युरिटीला लेखी, "अमुक कॅमेरा, अमुक वेळ, फुटेज राखून ठेवा". डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग मशीन, भरला की जुन्यावर नवीन रेकॉर्ड होतं, आणि हे लोकांना फुटेज मागायला जातात तेव्हाच कळतं.

दोन दिवसांनी आठवलं तर दोन दिवसांनी लिहा, पण वर तारीख लिहिताय त्या दिवशीचीच टाका आणि "घटना अमुक तारखेची, आज लिहितोय" असं स्पष्ट म्हणा. मागची तारीख टाकू नका, कोणीही सांगितलं तरी. चुकीचं लिहिलं गेलं असेल तर एक आडवी रेघ, बाजूला सही आणि तारीख, खालचं वाचता आलं पाहिजे. व्हाइटनर लावलेला रिपोर्ट बघून आधी व्हाइटनरबद्दलच विचारतात.

५. हे पेशंटच्या फाईलमध्ये लावायचं का?

नाही. फाईलमध्ये उपचाराचं जातं. नातेवाईक ओरडले, बिलावरून वाद झाला, हे त्यात येत नाही. वादामुळे उपचारावर परिणाम झाला, उदाहरणार्थ पेशंटला सांगूनही ते डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध निघून गेले, तर तेवढी नोंद डॉक्टर किंवा सिस्टर फाईलमध्ये करतील. इन्सिडेंट फॉर्म मात्र वेगळा राहतो, फाईलला टाचायचा नाही.

कारण साधं आहे. पेशंटने किंवा अधिकृत माणसाने रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत द्यावं लागतं, हा २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमातला मुद्दा आहे, आणि एमआरडीतला माणूस घाईत अख्खी फाईल झेरॉक्सला देतो. मग त्यात तुमच्या सहकाऱ्यांची नावं आणि तुम्ही लिहिलेल्या शिव्या सगळंच बाहेर.

६. नावं टाकायची की नाही?

मूळ फॉर्मवर टाकायची. पेशंटचा यूएचआयडी (हॉस्पिटलने दिलेला नोंदणी नंबर), हजर असलेल्यांची नावं, साक्षीदार. मीटिंगमध्ये जी कॉपी फिरते तिच्यात नावं नकोत, "बिलिंग एक्झिक्युटिव्ह", "रात्रीचा गार्ड", "पेशंटचा नातेवाईक" एवढंच. नुसतं नाव काढून भागत नाही हेही लक्षात घ्या, "स्पेशल वॉर्डमधले माजी नगरसेवक" लिहिलंत तर अख्ख्या गावाला कळलं कोण ते.

७. सुपरवायझरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लगेच टाकलं होतं, तेच पुरे ना?

"काउंटर २ वर गर्दी, लवकर या" एवढ्यापुरता ग्रुप बरा. पण तिथे पेशंटचं नाव, बिलाचा फोटो, सीसीटीव्हीची क्लिप टाकू नका. ग्रुपमध्ये नोकरी सोडून गेलेले दोघं तरी अजून असतातच, ॲडमिन काढायचं विसरलेला असतो, आणि संध्याकाळपर्यंत ती क्लिप गावातल्या तीन ग्रुपवर फिरते. मेसेज डिलीट होतात, फोन बदलतात, मेसेजच्या वेळेचा उपयोग फॉर्म भरताना करा आणि मोकळे व्हा.

८. खरं सांगू? लिहिलं की आम्हालाच मेमो येतो. मग कशाला लिहायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणारे बरोबर आहेत. जिथे रिपोर्ट लिहिणाऱ्यालाच शो-कॉज मिळते तिथे महिन्याभरात रिपोर्ट यायचे बंद होतात, आणि मग मॅनेजमेंट बोर्डावर अभिमानाने "इन्सिडेंट शून्य" लिहितं. शून्य बघितलं की मला तर आधी शंका येते.

अमेरिकेत विमानवाल्यांनी यावर उपाय काढला तो १९७६ पासून चालू आहे. वैमानिक आपली चूक लिहून पाठवतात ती नासाकडे, लायसन्स देणाऱ्या खात्याकडे नाही, म्हणजे वाचणारा आणि शिक्षा करणारा वेगळा. आपल्याकडे एवढं तरी करता येतं की फॉर्म क्वालिटीकडे जावा, एचआरकडे नाही, आणि ठरवून लेखी द्यावं की ज्याने स्वतःहून कळवलं त्याच्या साध्या चुकीवर कारवाई होणार नाही. साधी चूक म्हणजे घाईत दोन शून्य जास्त पडली. शॉर्टकट मारला, म्हणजे काउंटरवर रांग होती म्हणून आयडी न बघता ॲडमिशन केलं, तर आधी रांग का होती ते बघा, सगळेच तसं करत असतील तर त्या एकट्याला पकडून काही होणार नाही. जाणूनबुजून केलेलं, पावती न देता पैसे घेणं, खोटी एंट्री, नातेवाइकाला हात लावणं, याला सूट नाही आणि नसावी.

तुमच्याकडे यातलं काहीच नसेल तर निदान स्वतःपुरतं फॉर्म जमा केल्याची पोच घ्या, तारखेसह. लिहिलं म्हणून मेमो आला तर मेमोच्या उत्तरात पहिली ओळ हीच, की ही गोष्ट मीच अमुक तारखेला कळवली होती.

९. लिहिलं, दिलं, पुढे काय? आमच्याकडे ते कपाटात जातं.

मग लिहिणं फुकट गेलं. प्रश्न ३ मधलाच नमुना धरू. पहिल्या मीटिंगमध्ये सगळे म्हणणार "टीपीएवाले लेट करतात". आता फॉर्म हातात घेऊन मागे मागे जा. अप्रूव्हल १०.१५ ला आलं. फायनल बिल आणि डिस्चार्जची रिक्वेस्ट पोर्टलवर कधी गेली? समजा निघालं की संध्याकाळी ७.२० ला. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे हॉस्पिटलची डिस्चार्ज रिक्वेस्ट मिळाल्यापासून ३ तासांत कंपनीने फायनल उत्तर द्यायचं असतं. म्हणजे टीपीए वेळेतच होता. उशीर आपल्याकडे झालाय!

७.२० का? कारण वॉर्डातून उरलेली औषधं परत यायला साडेपाच वाजले, त्याशिवाय फार्मसी क्लिअर करत नाही. डिस्चार्ज समरी टाईप होऊन पडली होती, पण सही करणारे डॉक्टर दुपारभर ऑपरेशन थिएटरमध्ये. आणि मुळात सकाळी अकराच्या राउंडला डॉक्टर "आज सोडू" म्हणाले, नातेवाइकांनी ऐकलं "आत्ता सोडलं", त्यांनी लगेच गाडी बोलावून घेतली. आता सांगा, रात्री ९.४० ला काउंटरवरच्या पोरीने कितीही गोड बोलून काय होणार होतं?

म्हणून "स्टाफने सौजन्याने वागावे" असलं सर्क्युलर हा उपाय नाही, ट्रेनिंग हाही नाही, म्हणजे दर वेळी तरी नाही. उपाय असा हवा की राउंडनंतर लगेच सिस्टर किंवा पीआरओ नातेवाइकांना सांगेल की डॉक्टरांनी परवानगी दिलीय पण कागद व्हायला संध्याकाळ होईल, गाडी आत्ता बोलावू नका. दुसऱ्या दिवशी सुट्टी होणार असेल त्याची समरी आदल्या संध्याकाळी तयार. औषधं दुपारी बाराच्या आत परत. प्रत्येक गोष्टीसमोर एका माणसाचं नाव आणि तारीख, "सर्व संबंधित" असं लिहिलं की कोणीच संबंधित नसतं. महिन्याने परत बघा वेळ कमी झाली का, आणि ज्याने फॉर्म लिहिला होता त्याला जाऊन सांगा की तुझ्या लिहिण्यामुळे हे बदललं, पुढचा फॉर्म त्यामुळेच येतो.

१०. मारहाण किंवा तोडफोड झाली तर फॉर्म आधी की पोलीस आधी?

माणूस आधी. जखमीला कॅज्युअल्टीत दाखवा, ११२ ला फोन करा, मग बाकीचं. आपल्या राज्यात, महाराष्ट्रात, २०१० चा वैद्यकीय सेवा व्यक्ती आणि संस्थांवरील हिंसाचार रोखणारा कायदा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, नुकसानीची भरपाई दुप्पट. ठाण्यात गेल्यावर या कायद्याचं नाव घ्या. यातली एक अडचण आधीच माहीत असू दे, व्याख्येत डॉक्टर, नर्स, विद्यार्थी, पॅरामेडिकल यांची नावं घेतलीत, बिलिंगच्या क्लार्कचं नाव तसं घेतलेलं नाही. त्यामुळे काउंटरच्या माणसाला मारलं असेल तर भारतीय न्याय संहितेतली मारहाणीची, धमकीची कलमंही लावायला सांगा आणि हॉस्पिटलचं काय काय फुटलं ते वेगळं लिहून द्या.

तक्रार हॉस्पिटलच्या नावाने व्हावी, मार खाल्लेल्या पोराला एकट्याला ठाण्यात पाठवू नका. कोलकात्याच्या आर. जी. कर मेडिकल कॉलेजमध्ये डॉक्टरचा खून झाला त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने आपल्या हॉस्पिटलांना हेच लेखी सांगितलं, ड्युटीवरच्या माणसावर हिंसा झाली तर संस्थाप्रमुखाने ६ तासांच्या आत संस्थेच्या वतीने एफआयआर करायचा. ते पत्र केंद्र सरकारच्या हॉस्पिटलांसाठी होतं, पण खासगीवाल्यांनी तोच नियम स्वतःला लावून घ्यायला कोणी अडवलेलं नाही. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, ती फॉर्मला जोडा.

११. आमच्याच सिनियर डॉक्टरांनी पेशंटसमोर झापलं, फाईल भिरकावली. हे लिहायचं का?

हो, आणि प्रश्न ३ सारखंच, विशेषणं काढून. "सर फार उद्धट आहेत" याचं काहीच होत नाही. "ओपीडी ४, दुपारी १२.१०, तीन पेशंट बसलेले, फाईल टेबलावरून माझ्या दिशेने टाकली, म्हणाले अमुक" याचं होतं, आज नाही तर पाचव्या वेळी, जेव्हा पाच कागद एकाखाली एक ठेवले जातात. ज्याच्याबद्दल आहे त्याच्याच हातात फॉर्म देऊ नका, एचओडी तेच असतील तर क्वालिटी किंवा मेडिकल सुपरिंटेंडेंट. जास्त पेशंट आणणाऱ्या डॉक्टरला कोण बोलणार, असं तुम्ही म्हणाल. खरंय, पहिल्या कागदावर कोणीच बोलत नाही.

१२. लैंगिक छळाचा प्रकार असेल तर हाच फॉर्म?

नाही, अजिबात नाही. त्याला २०१३ चा वेगळा कायदा आहे. १० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते, तक्रार घटनेपासून ३ महिन्यांत लेखी द्यायची, कारण असेल तर समिती आणखी ३ महिने वाढवू शकते. यात गुप्तता कायद्यानेच बांधलेली आहे, त्यामुळे इन्सिडेंट फॉर्म, क्वालिटी मीटिंग, यातून हे फिरलं तर तो गुप्ततेचा भंग होऊ शकतो. स्वतःसाठी तारीख, वेळ, शब्द, मेसेजचे स्क्रीनशॉट नक्की जपून ठेवा. समितीत कोण आहे ते नोटीस बोर्डावर लावलेलं असायला हवं, नसेल तर तेही विचारा.

१३. उद्या केस झाली तर हाच रिपोर्ट कोर्टात आमच्याविरुद्ध येईल का?

येऊ शकतो. अमेरिकेत २००५ च्या कायद्याने असे रिपोर्ट बऱ्याच अंशी कोर्टापासून राखून ठेवलेत, आपल्याकडे तसा खास कायदा नाही. म्हणून काही वकील सांगतात की लिहूच नका. मला ते पटत नाही. ग्राहक आयोगात दोन वर्षांपर्यंत तक्रार करता येते, दोन वर्षांनी तुमच्याकडे लिहिलेलं काहीच नसेल आणि समोरच्याकडे मोबाईलमधला व्हिडिओ असेल, तर काय करणार आहात? त्या वेळी लिहिलेला कागद साक्षीच्या वेळी आठवण ताजी करायला वापरता येतो.

समोरचा माणूस वाचणार आहे असं धरून लिहा. "आपली चूक झाली", "निष्काळजीपणा" असे निष्कर्ष घटनेच्या फॉर्मवर नकोत, का घडलं याची चर्चा वेगळ्या कागदावर, आणि दाव्याची नोटीस आली असेल तर ती चर्चा सुरू करायच्या आधी हॉस्पिटलच्या वकिलांना विचारा.

१४. नातेवाईक आमचा व्हिडिओ काढतात, आम्ही पण काढू का?

मोबाईल समोर धरला की भांडण दुप्पट होतं, अनुभवाने सांगतो. शिवाय फ्रेममध्ये मागे स्ट्रेचरवरचा दुसरा पेशंट येतो. हॉस्पिटलच्या कॅमेऱ्यावर अवलंबून राहा. ते फुटेज पुरावा म्हणून द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सर्टिफिकेट लागतं, पूर्वी ज्याला ६५बी म्हणायचे तेच. पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी देऊन भागत नाही, आयटीवाल्याला आधी सांगून ठेवा.

१५. आमचं डॉक्टर नवरा-बायकोचं छोटं नर्सिंग होम आहे, सात-आठ माणसं. क्वालिटी डिपार्टमेंट कुठून आणायचं?

नका आणू. पानांवर नंबर छापलेलं लाँगबुक घ्या, काउंटरच्या ड्रॉवरमध्ये ठेवा, पानं फाडायची नाहीत. महिन्यातून एकदा डॉक्टर, बिलिंगचे, सिस्टर आणि मावशी असे सगळे चहाला बसून ते उघडा. मावशींना मुद्दाम बसवा, नातेवाईक बाकावर बसून काय बोलत होते ते फक्त त्यांनाच माहीत असतं. अडचण एकच, मालकाबद्दलच लिहायचं असेल तर त्या वहीचा उपयोग नाही. दहापेक्षा कमी माणसं असतील तर प्रश्न १२ मधल्या तक्रारी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जातात, ते लक्षात ठेवा.

१६. सरकारी हॉस्पिटलात आहे. आरटीआयमध्ये कोणी मागितलं तर?

मागू शकतात. काय द्यायचं ते जनमाहिती अधिकारी ठरवतील, तुम्ही नाही, आणि पेशंटची वैयक्तिक माहिती द्यायची की नाही त्याला कायद्यात वेगळं कलम आहे. अर्ज आल्यावर रजिस्टरमध्ये दुरुस्त्या करत बसू नका, बस्स.

१७. नोकरी सोडतोय. मी लिहिलेल्या रिपोर्टच्या कॉपी घेऊन जाऊ का?

पेशंटची माहिती असलेले कागद घेऊन जाऊ नका, फोटो काढूनही नाही, ते हॉस्पिटलचं आहे आणि उद्या तुमच्यावरच उलटेल. पोच पावत्या तुमच्या आहेत, त्या न्या. एखाद्या प्रकरणात पोलीस जबाब झाला असेल किंवा केस चालू असेल तर जाताना एचआरला मेल करा की अमुक तारखेच्या घटनेत मी साक्षीदार आहे, माझा नवा पत्ता आणि नंबर हा. समन्स जुन्या पत्त्यावर जात राहतं आणि तुम्हाला पत्ताच नसतो, असं होतं. त्या मेलची कॉपी मात्र स्वतःच्या पर्सनल आयडीवर ठेवा, हॉस्पिटलचा आयडी शेवटच्या दिवशी दुपारीच बंद करतात.